न पाहिलेल्या गेंड्याचे चित्र

धुळे व जळगाव जिल्ह्यांतील आमचे उपदेशक बंधू खेड्यांत शिकवावयास जाताना चित्रे बरोबर नेतात, हे योग्यच आहे. ज्यास अक्षरओळख नाही तोही चित्र वाचतो. परंतु छापलेले चित्र म्हणजे साक्षच, असा समज होऊ देऊ नये. याविषयी एका जुन्या चित्राची हकीकत सांगतो.

आपली तापी ज्या प्रांतात समुद्रास मिळते, त्या गुजराताचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याजकडे आल्बुकर्क नामक पोर्तुगीज गव्हर्नराने सन १५१४ त दीव येथे किल्ला बांधण्याची परवानगी मागितली. सुलतानाने ती दिली नाही, गेंडा दिला! गोव्याहून जहाजात चढविलेला तो प्राणी २० मे १५१५ रोजी लिस्बन शहरी पोहोचला. त्याचे वर्णन व एक कच्चे चित्र जर्मनीतील न्युरेंबर्ग नगरात गेले, आणि तेथील आल्ब्रेख्त ड्यूरर याने त्यांवरून लाकडी ठसा तयार केला. गेंडा त्याने कधीच पाहिला नव्हता. ठशात कातडीच्या घड्या चिलखताच्या पत्र्यांसारख्या दिसतात, पायांवर खवले आहेत, आणि मानेच्या मागे पाठीवर आणखी एक लहानसे शिंग आहे.

असे शिंग कोणत्याही गेंड्यास नसते. तथापि १५५१ साली गेस्नर याने आपल्या प्राण्यांच्या ग्रंथात तेच चित्र घातले, व पुढे सुमारे दोनशे वर्षे कारागीर एकमेकांचे पाहून ते शिंग कोरीत राहिले. ड्यूरर लबाड नव्हता. त्याचा हात फार उत्तम होता, म्हणूनच चूक इतकी टिकली. १७४१ साली बंगालहून नेलेली क्लारा नावाची गेंडी युरोपभर फिरविली गेली, तेव्हा कोठे चित्रे सुधारू लागली. पहिला गेंडा मात्र पोप दहावा लिओ (ज्याने १५२१ त लूथरास बहिष्कृत केले तोच) याजकडे भेट म्हणून जात असता १५१६ च्या आरंभी जहाजासह बुडाला. साखळदंडाने बांधलेला असल्यामुळे त्यास पोहता आले नाही.

अशी शिंगे आमच्या पाठांच्या चित्रांतही आहेत. योना १:१७ यात मोठा मासा एवढेच आहे. चित्रकार देवमासा काढतो. लूक २ यात गव्हाण आहे, पण बैल व गाढव नाहीत. मत्तय २ यात उंट नाहीत. सातपुड्यातील माणूस जनावरे पारखणारा. त्याचे लक्ष प्रथम त्यांजकडेच जाईल. पुढे शास्त्र वाचताना त्यास तो उंट सापडला नाही, तर तारणाऱ्याविषयी आपण सांगितलेलेही त्यास तसेच वाटावयाचे नाही काय? म्हणून चित्र उघडण्यापूर्वी तो अध्याय मोठ्याने वाचावा, आणि मग मंडळीसच विचारावे: पूर्वेकडून मागी लोक किती आले होते?