शोधनिबंधाचे पैसे जातात कुणाला?

प्रश्न : यंदा आमच्याकडे ‘परभणी शक्ती’ ज्वारी आहे. तिच्यात लोह आणि जस्त जास्त असतं म्हणतात. खरं-खोटं करावं म्हणून मुलाने ज्वारीतल्या लोहावरचा एक शोधनिबंध मोबाइलवर शोधला. वरचा सारांश दिसला. पुढचं वाचायला तीस-पस्तीस डॉलर मागितले. संशोधन सरकारी पैशातून होतं ना? मग हे पैसे कुणाला, शास्त्रज्ञाला जातात का? (एक वाचक, सेलू)

उत्तर : शास्त्रज्ञाला त्यातला छदामही मिळत नाही. तो लेख लिहितो आणि अशा नियतकालिकात छापायचा तर बहुतेक वेळा हक्कही प्रकाशकाला देऊन टाकतो. लेखात काही घोळ आहे का, हे त्याच विषयातले दोन-तीन जाणकार तपासतात, तेही सहसा फुकट. लेखकाच्या पदरात पडतं ते नाव, आणि नावामागून येणारी बढती किंवा पुढच्या प्रकल्पाचा निधी. प्रकाशक संपादनाची व्यवस्था बघतो, मांडणी करतो, संकेतस्थळ चालवतो. त्याला खर्च येतो, हे मान्य. पण किंमत त्या खर्चावर ठरत नाही. करडईचं तेल एका दुकानात महाग वाटलं तर माणूस पुढच्या दुकानात जातो. तुम्हाला हवा तो शोधनिबंध एकाच दुकानात असतो.

संस्था लेख सुटे घेत नाहीत, वर्षाची वर्गणी भरतात. त्यासाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ ही योजना मंजूर केली : ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिकं, तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये. केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्थांतले विद्यार्थी-प्राध्यापक तिचे लाभार्थी. शेतकरी त्यात नाही. म्हणजे सरकारने संशोधनाला पैसे दिले, वाचायलाही दिले, आणि ज्याच्या रानात ती ज्वारी उभी आहे तो बाहेरच राहिला.

हे असंच चालायला हवं असं मात्र नाही. मुंबईत सेठ गो. सुं. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालयाचं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ १९५५ पासून निघतं. इंटरनेट आल्यावर त्याने आपले अंक सगळ्यांना मोफत वाचायला खुले केले. त्याच वाटेने मुंबईच्याच ‘मेडनो’ या प्रकाशनसंस्थेने कितीतरी भारतीय वैद्यकीय नियतकालिकं वाचकांसाठी खुली केली. २०११ मध्ये ही संस्था एका बड्या परदेशी कंपनीने विकत घेतली. यशाची तीही एक पावती म्हणायची.

गणितवाले आधीपासूनच जरा मोकळे. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर आपल्या पुस्तिका पदरमोड करून छापत. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात लिहिलं तेव्हा जगाचं लक्ष गेलं. आज गणिती आपला लेख तपासणीआधीच ‘अर्काइव्ह’ या मोफत संग्रहात ठेवतात. तो १९९१ पासून चालू आहे. वैद्यकात एवढी घाई परवडत नाही. चुकीच्या सिद्धतेने कुणी दगावत नाही, चुकीच्या औषधाने दगावतं.

मोफत वाचनाची दुसरी बाजूही आहे : वाचकाकडून घेतले नाहीत तर पुष्कळ नियतकालिकं लेखकाकडून घेतात. ‘नेचर’ने २०२० मध्ये यासाठी एका लेखाचा दर ९,५०० युरो जाहीर केला. आपल्याकडे नोकरी-बढतीसाठी लेख मोजले जाऊ लागले, तसं पैसे टाका नि छापून घ्या असा धंदाच उभा राहिला. २०१८ मध्ये पुण्यातल्या संशोधकांनी विद्यापीठांनी सुचवलेल्या १,००९ नियतकालिकांची छाननी केली, तर ८८ टक्के निकषांना उतरली नाहीत. म्हणून फुकट दिसलं की खरं, असंही धरू नका.

आता तुमच्या ज्वारीचं. ‘परभणी शक्ती’ वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट संस्था यांनी मिळून तयार केली. २०१८ मध्ये ती प्रसारित झाली. तिच्यात किलोमागे सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असल्याचं संस्थेने सांगितलं आहे. नेहमीच्या वाणांत ते अनुक्रमे ३० आणि २०च्या आसपास. म्हणजे तुम्ही ऐकलं ते खरं आहे. कृषी विद्यापीठांतले बरेच प्रबंध ‘कृषिकोश’ या सरकारी संग्रहात फुकट मिळतात, तिथेही मुलाला शोधायला सांगा.

आणि डॉलर भरू नका. सारांशापाशी बहुधा लेखकाचा ई-मेल पत्ता असतो. दोन ओळी लिहून प्रत मागा, आपण ज्वारी पिकवतो हेही कळवा. मागणाऱ्याला आपली प्रत पाठवायला सहसा लेखकाला मुभा असते, आणि आपला लेख कुणी मागतंय याचा बहुतेकांना आनंदच होतो. लेखाचं नाव आणि वर्ष मात्र नीट लिहा. एकाच माणसाचे एकाच पिकावर दहा-दहा लेख असतात.