हेन्रीला घाई नव्हती, मला होती

हान्स कॅपनला फासावर चढवलं तेव्हा माझा हेन्री झोपला होता. दिवसभराच्या धावपळीनं तो थकला होता. मला वाटलं, आधी रात्रभर झोप काढू आणि सकाळी ताज्या दमानं मित्राला सोडवू. आजवर खेळलेल्या बहुतेक गेमनी मला हेच शिकवलं होतं. जग बुडायला आलं असलं तरी नायक पोहोचेपर्यंत सगळे त्याची वाट बघत थांबतात. इथं कुणी थांबलं नाही. फाशीची वेळ झाली, हान्स गेला आणि पडदा काळा झाला.

'किंगडम कम: डिलिव्हरन्स २' हा तो गेम. ४ फेब्रुवारी २०२५ ला तो आला आणि पहिल्या चोवीस तासांत त्याच्या दहा लाख प्रती खपल्या. प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओनं तो बनवला आहे. या स्टुडिओच्या संस्थापकांपैकी एक, डॅनिएल वाव्रा, म्हणजे २००२ सालच्या 'माफिया' या गेममागचा माणूस. पहिला भाग २०१८ मध्ये आला होता आणि त्याची सुरुवात लोकवर्गणीतून झाली होती. २०१४ मध्ये खेळणाऱ्यांनी त्यासाठी अकरा लाख पौंडांहून जास्त रक्कम उभी केली होती. दुसऱ्या भागाची लोक किती वाट बघत होते याचा अंदाज त्यावरून यावा.

मीही वाट बघत होतो, आणि तिथंच माझं चुकलं. गेम हातात येण्याआधी मी त्याच्याबद्दल इतकं ऐकून ठेवलं होतं की खेळायला बसलो तेव्हा मी बोहेमियात नव्हतोच, इतरांच्या मतांमध्ये फिरत होतो. एकानं सांगितलं होतं, "पहिले दहा तास रटाळ आहेत, कसेतरी ढकल." दुसरा म्हणाला, "सुरुवातीलाच चांगलं चिलखत चोर, म्हणजे पुढं सोपं जातं." तिसऱ्याचं म्हणणं, सेव्ह करायची पद्धत फार जाचक आहे. तिघेही खरं बोलत होते. पण प्रत्येकजण आपल्या स्वभावाचं बोलत होता, आणि मी त्यांचं बोलणं सूचना म्हणून घेतलं.

आधी कथा थोडी सांगतो, म्हणजे मी काय गमावलं ते कळेल. साल १४०३. बोहेमियाचा राजा वेन्सेस्लास चौथा कैदेत आहे, त्याला पकडणारा त्याचाच सावत्र भाऊ सिगिस्मंड. त्याच्या सैन्यानं स्कालित्स गाव जाळलं आणि तिथल्या लोहाराचा मुलगा हेन्री आईवडिलांना गमावून बाहेर पडला. तो पहिला भाग. दुसऱ्या भागात हेन्री आणि त्याचा तरुण धनी हान्स एक निरोप घेऊन ट्रॉस्की किल्ल्याकडे निघतात. वाटेत त्यांच्यावर हल्ला होतो. घोडा, तलवार, चिलखत, सोबतची माणसं, सगळं जातं. फाटक्या कपड्यांत ते गावात येतात तर कुणी त्यांना विचारत नाही. हान्स सांगतो की मी सरदार आहे, आणि लोक हसतात.

हे पहिले दहा तास, आणि ते रटाळ मुळीच नाहीत. सरदाराचा भिकारी झाला की जग त्याच्याशी कसं वागतं, हेच तर तिथं दाखवायचं आहे. तुमच्या अंगाला वास येतो म्हणून माणसं तोंड फिरवतात. रक्ताळलेले कपडे घालून पंचासमोर गेलात तर तो तुमचं ऐकत नाही, आणि न्हाणीघरात जाऊन, कपडे धुऊन परत आलात की त्याच माणसाचा सूर बदलतो. मी मात्र बटण दाबून संवाद पुढं ढकलत होतो. बोझेना नावाची झाडपाल्याचं औषध देणारी बाई सुरुवातीला हेन्रीची जखम बांधते. तिनं काय काय सांगितलं ते मला दुसऱ्या खेपेला कळलं.

चिलखत चोरण्याचा सल्ला मी लगेच अमलात आणला. रात्री व्यापाऱ्याच्या घरात शिरलो, पेटीचं कुलूप उघडलं, जे मिळालं ते अंगावर चढवलं. दुसऱ्या दिवशी शिपायानं अडवलं. मला वाटलं, कुणी पाहिलंच नाही तर कळणार कसं? पण या गेममधली माणसं लक्षात ठेवतात. आदल्या संध्याकाळी मी त्या घराभोवती घुटमळताना दिसलो होतो, सकाळी पेटी रिकामी सापडली, आणि संशय घ्यायला तेवढं पुरलं. झडतीत माल सापडला. लहान गुन्ह्याला दंड होतो, त्यावर चौकात खोड्यात अडकवतात, त्यावर फटके. मोठ्या गुन्ह्याला तापलेल्या लोखंडानं डाग देतात. मला डाग मिळाला. तो अंगावर असताना पुन्हा पकडले गेलात तर फाशी होऊ शकते. आसपासच्या गावांत माझ्याशी कुणी धड बोलेना, दुकानदार भाव वाढवून सांगू लागले. चिलखत चोरणं सोपं होतं, पण ते मिरवायला गावच उरलं नव्हतं.

सेव्ह करण्याच्या पद्धतीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण नवे खेळणारे सगळ्यात जास्त इथंच वैतागतात. हवं तेव्हा सेव्ह करायला 'सेव्हियर श्नॅप्स' नावाचं पेय प्यावं लागतं. ते विकत मिळतं, पण सुरुवातीला खिशात पैसे नसतात. ते स्वतः करायचं तर वाइन घ्यायची, तीत नेटल नावाची खाजरी वनस्पती आणि बेलाडोना घालायचं, वाळूचं घड्याळ उलटं करून वेळ मोजत उकळायचं, काय वाटायचं आणि काय अख्खं टाकायचं ते पुस्तकात बघायचं. मी पहिल्या खेपेला हे शिकलोच नाही. तीन दरोडेखोरांवर चालून जायचं, मरायचं आणि तासभर मागे जाऊन पुन्हा सुरू करायचं, असं करत बसलो. दुसऱ्या खेपेला पहिल्याच आठवड्यात बोझेनाच्या झोपडीतल्या भट्टीवर दहा-बारा बाटल्या करून ठेवल्या आणि तो प्रश्न मिटला. स्वतःच्या किंवा भाड्यानं घेतलेल्या पलंगावर झोपलात तरी सेव्ह होतं. गेम बंद करतानाही सेव्ह होतं, त्यामुळे घरी पाहुणे आले म्हणून खेळ वाया जात नाही. आणि खरं सांगायचं तर, ही अडचण मुद्दाम ठेवलेली आहे. चोरी करण्याआधी, खोटं बोलण्याआधी, कुणावर हात उचलण्याआधी तुम्ही क्षणभर थांबावं म्हणून. फुकट मागे जाता आलं असतं तर मी कधीच थांबलो नसतो.

मारामारीचंही तसंच. 'स्कायरिम' किंवा 'विचर ३' अशा गेमची सवय घेऊन याल तर मार खाल. इथं जादू नाही, ड्रॅगन नाही. एकाच वेळी दोघे अंगावर आले तर पळणं हे शहाणपण आहे. जखम वाहत राहिली आणि पट्टी बांधली नाही तर माणूस मरतो. ट्रॉस्कीच्या परिसरात भटक्या लोकांच्या तळावर टॉमकॅट नावाचा तलवारबाज आहे. तो समोरच्याचा वार त्याच्यावरच उलटवायचा डाव शिकवतो. लवकर जा त्याच्याकडे. मी गेलो नव्हतो आणि वीस तास नुसती तलवार फिरवत राहिलो. ज्यांनी हा डाव पक्का केला त्यांची तक्रार बरोबर उलटी आहे, शेवटी शेवटी लढाया फारच सोप्या होतात म्हणे. तीही खरी आहे. म्हणून कुणी तुम्हाला या गेमबद्दल मत सांगू लागलं तर आधी विचारा, किती तास खेळलास? ट्रॉस्की सोडून पुढं गेलास का? याआधी कुठला गेम मनापासून आवडला होता? या तीन उत्तरांनंतर त्या मताचं वजन आपोआप कळतं.

प्रदर्शनाआधी झालेल्या वादांचंही मी नको इतकं ऐकलं. पंधराव्या शतकातल्या बोहेमियात आफ्रिकेतल्या मालीचा विद्वान कसा काय, दोन पुरुषांमध्ये प्रेम दाखवायचं की नाही, यावर लोक हमरीतुमरीवर आले होते, आणि त्यांतल्या बहुतेकांनी तोवर गेम उघडलासुद्धा नव्हता. खेळताना कळतं की हे सगळं त्या मोठ्या जगाचा लहानसा भाग आहे, आणि हेन्रीनं कुणावर प्रेम करायचं ते खेळणारा ठरवतो. त्या वादांपायी मी काही माणसांशी बोललोच नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

विकत घेणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. संगणकावर खेळणार असाल तर या गेमला १०० जीबी जागा लागते आणि तीही एसएसडीवर. मला एका दुकानात सांगितलं गेलं की जुन्या हार्ड डिस्कवर चालून जाईल. चाललं नाही. घोड्यावरून दौडत गेलं की गावं तुकड्यातुकड्यानं उभी राहायची, माणसं आधी हवेत तरंगायची. ती रडकथा एसएसडी घेतल्यावर संपली. गेम घेण्याआधी हा खर्च धरा.

पहिली खेप साठ तासांवर थांबली. ट्रॉस्कीचा परिसर सोडताना गेमनं इशारा दिला होता की हातातली कामं उरकून घे. मी तो वाचला आणि पुढचं बटण दाबलं, कारण माझ्या ओळखीचे सगळे कुटेनबर्गला पोहोचले होते आणि मला मागं राहायचं नव्हतं. काही कामं तिथं कायमची बंद झाली. कुटेनबर्ग म्हणजे आजचं कुत्ना होरा, चांदीच्या खाणींचं शहर, जिथं प्रागचं ग्रोशेन हे नाणं पाडलं जायचं. तिथल्या संत बार्बराच्या चर्चचं काम १३८८ मध्ये सुरू झालं आणि १९०५ मध्ये संपलं. गेममध्ये ते अर्धवट उभं आहे, भोवती लाकडी परांच्या. इतकं देखणं शहर समोर होतं आणि मी नकाशावरच्या खुणा मोजत होतो. एका रात्री कळलं की मला आता कुणाचंच नाव आठवत नाही. बंद केला.

चार महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. कुणाला सांगितलं नाही, कुणाला विचारलं नाही. रोज तासभर. घोड्यावरून न जाता पायी निघालो तर ट्रॉस्की किल्ला कितीतरी वेळ दिसत राहतो. ज्वालामुखीच्या खडकाचे दोन सुळके आणि प्रत्येकावर एक बुरूज, एकाचं नाव पन्ना, म्हणजे कुमारी, दुसऱ्याचं बाबा. चेक भाषेत बाबा म्हणजे म्हातारी. या किल्ल्याचे अवशेष आजही चेक देशात उभे आहेत. वाटेत भेटणारा शेतकरी 'येशू ख्रिस्ताची स्तुती असो' म्हणतो, आपल्याकडे रामराम म्हणतात तसं, आणि थांबून उत्तर दिलं की बोलायला लागतो.

या खेपेला मी ताखोव्ह गावातल्या राडोव्हान लोहाराकडे कामाला राहिलो. पहिल्या वेळी गिरणीवाल्याकडे गेलो होतो, कारण तिथं चोरीची कामं मिळतात असं ऐकलं होतं. दोन्ही वाटा कथेतल्या एकाच प्रसंगाकडे, सेमीन गावातल्या लग्नाकडेच जातात. पण लोहाराकडे भट्टीवर काम करता येतं, आणि पहिल्या भागात ही सोय नव्हती.

आमचं घराणं लोहारकामाचं. आजोबांची भट्टी साताऱ्याकडच्या आमच्या गावात होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, लहानपणी भाता ओढायचे, पुढं नोकरीला लागले आणि भट्टी विझली. अण्णांना गेममध्ये कधीच रस नव्हता. पण त्या संध्याकाळी हेन्रीनं भाता दाबला, निखारे फुलले, आणि त्या आवाजानं अण्णा पेपर खाली ठेवून माझ्यामागं येऊन उभे राहिले.

"हे काय करतोय हा पोरगा?"

"तलवार घडवतोय, अण्णा. याचा बाप लोहार होता."

ते खुर्ची ओढून बसले. पातं ऐरणीवर घेतलं, घाव घातले, उलटवलं. या गेममध्ये लोखंड थंड होत जातं तसे घाव फुकट जातात, पुन्हा भट्टीत धरावं लागतं, दोन्ही अंगांनी सारखं ठोकावं लागतं. पहिल्या खेपेला एवढा वेळ कोण घालवणार म्हणून मी हे केलंच नव्हतं. अण्णांनी ऐरण, सांडशी, घण, एकेकाकडे बोट दाखवून आजोबांच्या वस्तू कुठल्या भिंतीला टांगलेल्या असायच्या ते सांगितलं. यातलं बरंच मी पहिल्यांदा ऐकत होतो. पातं काळवंडायला लागलं होतं आणि मी ते पाण्यात बुडवायला निघालो होतो.

अण्णांनी माझ्या हातावर हात ठेवला. "पाणी देऊ नकोस अजून. टोकाकडं कच्चं आहे. घाल परत भट्टीत."