बसवनगुडी : एका खेड्याच्या देवळाची आरंभकथा

बंगळूर शहराच्या दक्षिण भागातील बसवनगुडी या वस्तीला तेथील देवळावरून नाव मिळाले आहे. कन्नड भाषेत ‘बसव’ म्हणजे बैल, शिवाचे वाहन नंदी. आणि ‘गुडी’ म्हणजे देऊळ. आज चोहोबाजूंनी शहराने वेढलेले हे देऊळ मूळचे सुंकेनहळ्ळी या शेतकऱ्यांच्या खेड्यातील होय.

विजयनगरचे मांडलिक केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये बंगळूरचा किल्ला आणि पेठ वसविली. हेच शहर सुमारे एका शतकानंतर शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. देवळाच्या उभारणीचे श्रेय परंपरा केंपेगौडांनाच देते. अन्यत्र शिवासमोर बसणारा नंदी येथे स्वतःच मुख्य दैवत आहे. एकाच ग्रॅनाइट शिळेत कोरलेली ही मूर्ती सुमारे साडेचार मीटर उंच आणि सहा मीटर लांब आहे. मूळचा करडा दगड तेल व कोळशाच्या लेपाने काळाभोर झाला आहे.

देवळाच्या आरंभाविषयी पुढील कथा सांगितली जाते. एक बैल रोज रात्री शिवारात शिरून भुईमुगाचे पीक फस्त करीत असे. संतापलेल्या शेतकऱ्याने त्याच्यावर सोटा हाणला, तोच बैल जागच्या जागी शिळा होऊन बसला. भयभीत झालेल्या गावकऱ्यांनी देऊळ बांधले आणि दरवर्षी पहिले पीक नंदीला वाहण्याचा नवस केला.

येथे एक अडचण ध्यानात घ्यावयास हवी. भुईमूग हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील पीक होय. युरोपीय लोकांनी समुद्रमार्गाने ते जगभर नेले, आणि दक्षिण भारतात त्याची मोठ्या प्रमाणावर लागवड झाली ती एकोणिसाव्या शतकात. तेव्हा १५३७ च्या सुमारास सुंकेनहळ्ळीचे शिवार भुईमुगाने भरलेले असणे संभवत नाही. कन्नड शब्दही याच दिशेने बोट दाखवितो. ‘कडले’ म्हणजे हरभरा. भुईमुगाला ‘कडलेकाई’ म्हणतात. परक्या पिकाला जुन्या, ओळखीच्या धान्याचे नाव मिळाले. कथेतही असेच घडले असावे : शेत बदलले तसे कथेतील पीकही बदलले.

म्हणून ही कथा खोटी ठरते काय? देऊळ कोणत्या वर्षी उभे राहिले, याचा पुरावा ती देऊ शकत नाही, हे खरे. परंतु नांगर ओढणाऱ्या बैलावर हात उगारल्याचा अपराध, आणि पिकातील त्याचा वाटा मान्य करून केलेले प्रायश्चित्त, हा तिचा गाभा आहे. महाराष्ट्रात पोळ्याच्या दिवशी बैलाची पूजा करणाऱ्या शेतकऱ्याला तो सहज उमगेल.

१८९८ मध्ये बंगळुरात प्लेगची साथ पसरली. दाटीवाटीच्या पेठेबाहेर मोकळी हवा शोधणाऱ्यांसाठी बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् या नव्या वसाहती वाढल्या. शेते गेली, घरे आली. तरीही कार्तिकातील शेवटच्या सोमवारी येथे ‘कडलेकाई परिषे’, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा, भरते. आता शेंगा दूरच्या जिल्ह्यांतून येतात, आणि शहरवासी त्या नंदीला वाहतात. ज्यांनी नवस केला त्यांचे शिवार आज उरलेले नाही; नवस मात्र अद्याप फेडला जात आहे.