आजोळ व्हाल का?

सुट्टीत मूल चार दिवस आजीकडे गेलं की घर ओकंओकं वाटतं, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी थोडं बरंही वाटतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलालाही आजोळ आहे. पण तिथे त्याला ठेवून घ्यायला कुणी धजत नाही. तो नऊ वर्षांचा आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. बसायला आधार लागतो, बोलता येत नाही, अधूनमधून फिट येते. वडील रात्रपाळीला, त्यामुळे रात्री दर दोन तासांनी उठून त्याची कूस बदलायची ती आईनंच. दोन वर्षांपूर्वी तिच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. आदल्या दिवशी ती जिन्यात थांबून मला विचारत होती, “मावशी, मी नाही गेले तर चालेल ना हो?”

मी म्हटलं, “तू जा. एक रात्र मी बघते.”

तिनं हातात वही दिली. औषधांच्या वेळा, डॉक्टरांचा नंबर आणि जेवणाबद्दल ठळक अक्षरांत सूचना. मी ती वाचली, पण मनात म्हटलं, दोन मुलं वाढवली मी, मला काय भरवायला शिकवतेस! आणि पहिल्याच घोटाला पेला त्याच्या ओठांना लावून त्याची मान मागे कलती केली. असा ठसका लागला त्याला, की डोळ्यांतून पाणी आलं. चूक सर्वस्वी माझी. अशा मुलांच्या गिळण्याच्या स्नायूंचा मेळ नीट बसत नाही आणि पातळ पदार्थ श्वासनलिकेत जाऊ शकतो. वहीत लिहिलं होतं: ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा घास, जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. त्या रात्री वरणभाताची एक वाटी संपायला पाऊण तास लागला. ती बाई हे रोज दोनदा करते.

पालकहो, तुमच्यापैकी कुणाची मुलं मोठी होऊन परगावी गेली असतील, कुणाची अजून घरात दंगा करत असतील. तुमच्याशी बोलायचं आहे ते याचसाठी. महिन्यातून एक रात्र अशा मुलाचं आजोळ व्हाल का?

इंग्लंडमध्ये याची रीतसर व्यवस्था आहे. एखादं कुटुंब दिव्यांग मुलाला ठरावीक दिवस घरी सांभाळतं. त्याआधी पोलीस पडताळणी, घरभेटी, प्रशिक्षण असं सगळं होतं. अशा छोट्या मुक्कामांचे सुटसुटीत नियम लागू व्हायचे तर एक मुक्काम १७ दिवसांच्या आणि वर्षाची बेरीज ७५ दिवसांच्या आत असावी लागते. आपल्याकडे २०१५ च्या बालन्याय कायद्यात प्रतिपालक कुटुंबाची तरतूद आहे, पण ती बालकल्याण समितीमार्फत आणि वेगळ्या गरजेसाठी. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता येतात. त्याखालच्या योजनेतून विसाव्याची निवासी सोय होते, तीही संस्थेत. शेजारच्या घरातली एक रात्र कुठल्याच कागदावर नाही. ती आपणच उभी करायची.

म्हणून तिथे सरकार करतं ती चौकशी इथे आईला करू द्या. घरात कोण कोण असतं, रात्री मूल कुणाच्या खोलीत झोपेल, आंघोळ कोण घालेल, असं तिनं विचारलं तर राग मानू नका. ज्या मुलाला घडलेलं सांगता येत नाही, त्याच्या आईनं विचारायलाच हवं. कपडे बदलताना दार लोटून घ्या आणि त्याला सांगून मगच हात लावा. त्याला बोलता येत नसलं तरी त्याला लाज आहे.

सुरुवात एकदम रात्रीपासून करू नका, मी केली तशी. आधी आई समोर असताना तासभर, मग एखादी दुपार, मग रात्र. फिट आली तर कांदा हुंगवणं, चप्पल नाकाशी धरणं, दातांत चमचा घालणं, यातलं काहीही नको. हातपाय दाबून धरू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना. कुठला, ते आधी ठरवून ठेवा.

“आमच्या मुलांवर काय परिणाम होईल?” हे मला हमखास विचारतात. माझी नात सहा वर्षांची. तिनं पहिल्याच भेटीत विचारलं, “हा बोलत का नाही?” मी सांगितलं, त्यानं डोळे वर केले की ‘हो’ समजायचं. मग दुपारभर तिचं सुरू: तुला आंबा आवडतो? माझी बाहुली छान आहे? आजी चिडकी आहे? शेवटच्या प्रश्नाला त्यानं डोळे इतके वर नेले, की दोघंही हसत सुटली.

आता दर दुसऱ्या शनिवारी तो येतो. त्याच्या आईचे सुरुवातीला रात्री नऊला, अकराला, पहाटे चारला फोन यायचे. मी प्रत्येक वेळी उचलायचे. ते माझ्यावरचा अविश्वास नव्हे, तिची सवय होती. हळूहळू चारचा बंद झाला, मग अकराचा.

गेल्या रविवारी ती आठला यायची, ती साडेनऊला आली. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. दारातच ओशाळून म्हणाली, “मावशी, उशीर झाला हो. डोळाच उघडला नाही.”