एक नोंदवही, अनेक दाखले : एमव्हीसी पद्धतीत व्ह्यूची मांडणी

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या तत्कालीन गव्हर्नमेंट हायस्कूलच्या नोंदवहीत ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव लिहिले गेले. तो दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेच्या नोंदवहीतील एका ओळीचे मोल आपल्या समाजास वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्या वसतिशाळेतील विद्यार्थी आणि काही माजी विद्यार्थी मिळून माजी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे ॲप्लिकेशन तयार करण्याच्या विचारात आहेत. त्यांच्या उपयोगी पडावे आणि पालकांसही या कामाचे स्वरूप कळावे, या हेतूने हा पाठ आम्ही येथे मांडत आहोत.

शाळेचे जनरल रजिस्टर एकच असते. परंतु त्यातून बोनाफाईड, शाळा सोडल्याचा दाखला, हजेरीपट, शिष्यवृत्तीची यादी असे अनेक कागद निघतात. प्रत्येक कागदावर त्या नोंदीचा काही भागच येतो, आणि तो ठरावीक व्यक्तीसाठी असतो. अर्ज आला की कार्यालय तो तपासते, रजिस्टर काढते आणि योग्य तो दाखला देते. एमव्हीसी पद्धतीत रजिस्टर म्हणजे मॉडेल, अर्ज हाताळणारे कार्यालय म्हणजे कंट्रोलर आणि हाती पडणारा दाखला म्हणजे व्ह्यू.

ही विभागणी नॉर्वेचे संगणकतज्ज्ञ ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात मांडली. माणसाच्या मनातील माहितीचे चित्र आणि यंत्रातील माहितीची रचना यांत दुवा साधावा, हा त्यांचा उद्देश होता. पुढे २००४ मध्ये रुबी ऑन रेल्स, २००५ मध्ये जँगो आणि २०११ मध्ये लाराव्हेल ही फ्रेमवर्क आली व हा विचार संकेतस्थळांच्या कामात रुळला. नवशिक्याने एक गोष्ट ध्यानी ठेवावी : जँगोमध्ये ज्यास ‘व्ह्यू’ म्हणतात, त्याचे काम बरेचसे कंट्रोलरसारखे असते, दर्शनी भागास तेथे ‘टेम्पलेट’ म्हणतात.

आरंभ संगणकावर न करता कागदावर करावा. कोणती पाने लागतील आणि प्रत्येक पान कोण पाहील, याची यादी प्रथम लिहावी. लाराव्हेलमध्ये ‘रिसोर्सेस’ या फोल्डरात ‘व्ह्यूज’ नावाचे फोल्डर असते. त्यात विषयवार फोल्डर करावीत : विद्यार्थी, मेळावे, देणग्या. प्रत्येक विषयात बहुधा चार फाइली पुरतात : यादीची ‘इंडेक्स’, एका नोंदीची ‘शो’, नव्या नोंदीची ‘क्रिएट’ आणि दुरुस्तीची ‘एडिट’. ही नावे रूढ आहेत. त्यामुळे पुढील वर्षी काम हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यास कोणती फाइल कोठे असेल, हे न विचारता समजते.

शाळेच्या प्रत्येक पत्रावर शीर्षक आणि पत्ता आधीच छापलेला असतो. त्याचप्रमाणे शीर्षपट्टी, मार्गदर्शक सूची आणि तळटीप ही ‘लेआउट’ या एका फाइलीत ठेवावीत. इतर पानांनी केवळ मधली जागा भरावी. जो तुकडा अनेक पानांवर येतो, त्याचे ‘पार्शल’ करावे. विद्यार्थ्याचे ओळखपत्रासारखे छोटे चौकट-दर्शन यादीतही लागते आणि तुकडीच्या पानावरही. नवी नोंद आणि दुरुस्ती यांचा नमुना-अर्जही बहुतांशी एकच असतो. मात्र पहिल्याच दिवशी पन्नास तुकडे पाडू नयेत. तोच मजकूर दुसऱ्या-तिसऱ्यांदा लिहावा लागला, की तो वेगळा काढावा.

व्ह्यूने काय करू नये, हेही पाहू. यादीतील नावे क्रमाने दाखवणे, नोंद नसल्यास ‘माहिती उपलब्ध नाही’ असे लिहिणे, इतपत काम त्याचे. शिष्यवृत्तीस कोण पात्र, हा निर्णय त्याचा नव्हे. डेटाबेसकडेही त्याने परस्पर जाऊ नये. तीनशे जणांच्या यादीत प्रत्येकाच्या तुकडीचे नाव व्ह्यूमधून एकेक करून मागवले, तर यादीची एक आणि तुकड्यांच्या तीनशे, अशा ३०१ मागण्या डेटाबेसकडे जातात. कंट्रोलरने ती माहिती आधीच एकत्र मागवली, तर हे काम दोन मागण्यांत होते.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपल्या नोंदवहीत जातीचा रकाना आहे, पालकांचे उत्पन्न आहे, दूरध्वनी क्रमांक आहेत. शिष्यवृत्ती आणि आरक्षण यांचे हक्क त्या रकान्यावर उभे आहेत; म्हणून तो रजिस्टरातून पुसणे आम्हांस मान्य नाही. परंतु माजी विद्यार्थ्यांच्या खुल्या यादीत त्यास स्थान नाही. भाड्याचे घर शोधताना आडनाव विचारले जाते, हा अनुभव आपल्यातील अनेकांच्या गाठीशी आहे. अशा वेळी नवशिका विद्यार्थी काय करतो? पूर्ण नोंद पानाकडे पाठवतो आणि नको तो रकाना सजावटीच्या सूचनेने अदृश्य करतो. पडद्यावर तो दिसत नाही, पण ब्राउझरपर्यंत पोचलेला असतो; पानाचा मूळ मजकूर उघडणाऱ्या कोणासही तो वाचता येतो. यास्तव कंट्रोलरने खुल्या यादीच्या व्ह्यूकडे नाव, तुकडी आणि संमती असल्यास व्यवसाय, एवढेच पाठवावे. कार्यालयासाठी स्वतंत्र व्ह्यू करावा आणि तो मागणाऱ्याचा अधिकार कंट्रोलरपाशीच तपासावा. सूचीतून दुवा काढून टाकल्याने दार बंद होत नाही. पत्ता ठाऊक असणारा थेट आत येतो.

उलट दिशेनेही सावधता हवी. ‘स्वतःविषयी’ या रकान्यात कोणी मजकुराऐवजी स्क्रिप्ट लिहिली, तर ती वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालू शकते. लाराव्हेलमध्ये दुहेरी महिरपी कंसात लिहिलेली माहिती निरुपद्रवी करून छापली जाते. उद्गारचिन्हांचे कंस वापरल्यास ती जशीच्या तशी छापली जाते. लोकांनी भरलेल्या माहितीसाठी हा दुसरा प्रकार वापरू नये.

विद्यार्थ्यांनी प्रथम ‘तुकडीनिहाय यादी’ हे एकच पान मॉडेलपासून व्ह्यूपर्यंत पूर्ण करावे आणि मगच पुढे जावे. प्रत्येक व्ह्यू लिहिताना तीन प्रश्न वहीत लिहून त्यांची उत्तरे द्यावीत : हे पान कोण पाहणार? त्यास काय हवे? त्याहून अधिक काही त्याच्यापर्यंत पोचते आहे काय? संगणक क्षेत्रात कार्यरत असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी सुटीच्या दिवशी शाळेत यावे, ही उत्तरे मुलांसमवेत तपासावीत, आणि आपली स्वतःची नोंद त्या पानावर कशी दिसते हेही पाहावे, अशी आमची विनंती आहे.