सगळी रत्नागिरी झोपते, मीच का जागी?

प्रश्न : मी घरीच असते. मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. दुपारी एक वाजून गेला की बाजारात शटर खाली येतात, शेजारचे काका तोंडावर पेपर घेऊन घोरू लागतात, सासूबाईही पाठ टेकतात. मला मात्र सगळे म्हणतात, 'तू काय, घरीच असतेस, वाटेल तेव्हा पड.' तरी दिवसातली वीस मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. माझंच काही चुकतंय का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : चूक तुमची नाही, 'वाटेल तेव्हा' या दोन शब्दांची आहे. आपल्या बाजारातला दुकानदार दुपारी शटर ओढतो ते माल संपला म्हणून नव्हे, घड्याळात एक वाजला म्हणून. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी त्याला 'चारनंतर या' सांगायला त्याची जीभ अडखळत नाही, आणि गिऱ्हाईकही रागावत नाही, कारण गावाला ती वेळ ठाऊक असते. तुम्ही मात्र काम आटोपण्याची वाट बघता, आणि घरातलं काम आटोपत नाही. भांडी घासून होईपर्यंत चहाचे कप निघतात. 'वाटेल तेव्हा' मिळणारी विश्रांती म्हणून कधीच वाट्याला येत नाही.

काम किती असतं याचा हिशेबही झालेला आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसातला सरासरी वेळ निघाला २८९ मिनिटं, पुरुषांचा ८८. मुलं आणि म्हातारीकोतारी सांभाळण्याचा वेळ वेगळा : बायकांचा १३७ मिनिटं, पुरुषांचा ७५. या सरासरीत नोकरी करणाऱ्या बायका आणि शाळकरी मुलीही धरलेल्या आहेत, तेव्हा दिवसभर घरी असणारीचा आकडा याहून मोठाच असणार. आधीच्या, २०१९ च्या पाहणीतले असेच आकडे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये अपघात भरपाईच्या एका निकालात मांडले आणि घरकामाला पैशातही मोल आहे असं सांगितलं. तेव्हा 'घरीच असतेस' हे वाक्य आता कोर्टातही टिकायचं नाही.

पण मिनिटांच्या बेरजेतून खरी गोम कळत नाही. दुपारी तुम्हाला दहा-दहा मिनिटांचे तुकडे मिळतही असतील, मात्र त्या वेळात कान मोकळा नसतो. एक कान कुकरच्या शिटीकडे, एक नळाच्या पाण्याकडे, तिसरा असता तर तो मुलाकडे. पाठ टेकली तरी पहारा चालूच, आणि पहाऱ्यावरचं शरीर सैल पडत नाही. मे महिन्यात तर विचारूच नका. आगोटीची कामं, मुंबईहून आलेली माणसं, आणि खळ्यात वाळत घातलेली आंब्याची साठं. कावळ्यांना वामकुक्षीची सवय नाही, त्यामुळे काठी घेऊन बसायला कोणीतरी लागतंच, आणि ते कोणीतरी म्हणजे बहुधा तुम्ही.

'मूल झोपलं की आईने झोपावं' हा सल्ला तान्ह्याच्या आईसाठी चांगला. पण तीन ते पाच या वयात बरीच मुलं दुपारची झोप हळूहळू सोडतात. तुमच्या चिरंजीवांनी ती सोडली असेल तर थोपटून उपयोग नाही. तुमचाच डोळा लागेल आणि आंब्याचा वास येणाऱ्या चिकट बोटाने पापणी वर करून तो विचारेल, 'आई, झोपलीस?' या वयात झोपेचा हट्ट सोडून गप्प बसायची वेळ लावावी. चटईवर चार खेळणी, एक चित्रांचं पुस्तक, आणि भिंतीवरच्या घड्याळात 'मोठा काटा इथे येईपर्यंत'. पहिल्या दिवशी पाच मिनिटं बसला तरी पुष्कळ झालं. आठवडाभरात वाढतं.

आता वामकुक्षीबद्दलचे गैरसमज. वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. जेवणानंतर डाव्या कुशीवर थोडा वेळ पडणं, एवढाच त्याचा अर्थ. तास-दीड तास घोरणं ही नंतरची भर. माझी आजी माजघरात हाताची उशी करून अशी पडायची, आणि डोळे मिटलेले असतानाच 'दूध झाकलंस का गं?' असं विचारायची. झोप लागलीच पाहिजे असा नियम नाही. दिवसा झोपणं आयुर्वेदाला मुळीच मान्य नाही, हेही अर्धवट ऐकलेलं. चरकसंहितेत एरवी ते कफ वाढवणारं म्हटलं आहे, पण ग्रीष्मात रात्री लहान असतात म्हणून मुभा दिली आहे. मुलं, वृद्ध आणि कष्टाने थकलेली माणसं यांना तर बाराही महिने. तुम्ही कोणत्या गटात बसता ते सांगायला नको.

'भात खाल्ला म्हणून पेंग येते' हेही पुरतं खरं नाही. शरीराच्या घड्याळात दुपारी एक ते तीनच्या सुमारास ओहोटी असतेच. न जेवणाऱ्यालाही ती जाणवते, जड जेवणाने वाढते इतकंच. म्हणून वेळ त्याच पट्ट्यात ठरवावी. वीस मिनिटं पुरतात. त्याहून फार लांबलं तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं अर्धा तास जड राहतं. मग संध्याकाळचा चहासुद्धा चिडून होतो.

राहिला प्रश्न शटरचा. सासूबाई साधारण दोनला पडतात असं धरू. त्यांना सांगा, 'दीड ते दोन मी पडणार, तेवढा वेळ बाळ आणि साठं तुमच्याकडे, दोननंतर तुम्ही पडा.' 'जमलं तर पडेन' म्हणू नका, घड्याळाची वेळच सांगा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. भांडी तशीच राहू द्या, ती कुठे जात नाहीत. सुट्टीच्या दिवशी हा पहारा मुलाच्या वडिलांकडे द्यावा. ८८ मिनिटांत वीसची भर पडून त्यांना काही होणार नाही. पहिल्या दिवशी ते नक्की हाक मारतील, 'अगं, काठी कुठे ठेवलीस?' उत्तर देऊ नका. एखाद्या साठाचा कोपरा कावळ्याने नेला तर नेऊ दे.