अडीच हजारांचं ‘सॉफ्टवेअर’

शहाद्यात माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. बारावीचा निकाल लागला की उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, महाडीबीटीवरचे शिष्यवृत्तीचे अर्ज सगळं एकदम अंगावर येतं. अशाच गर्दीत एक सॉफ्टवेअरवाला आला. म्हणाला, सातबारा, महाडीबीटी आणि आपले सरकार यांचं वेगवेगळं सॉफ्टवेअर बसवून देतो, ब्राउझर उघडायची गरजच नाही, वर्षाचे अडीच हजार.

पैसे देण्याआधी मी सरळ विचारलं होतं, नेट गेलं तर चालेल का? आमच्याकडे नेटचा भरवसा नाही, धडगाव-मोलगीकडे तर विचारूच नका. तो म्हणाला, “सॉफ्टवेअर आहे काका, चालणारच.” माझा भाचा शेजारीच उभा होता.

नेट गेलं. दुकानात रांग, आणि तिन्ही खिडक्या कोऱ्या. भाच्याने चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं. टार्गेटच्या रकान्यात लिहिलेलं, क्रोम_प्रॉक्सी डॉट ईएक्सई, पुढे ॲप-आयडी. म्हणजे आमचंच क्रोम, आमचीच वेबसाइट, फक्त वरची पत्त्याची पट्टी काढलेली! फोन केला तर आधी “तुमचं नेट स्लो आहे”, मग “मी असं बोललोच नव्हतो”. तळपायाची आग मस्तकात गेली. वर पुढच्या वर्षीच्या अपडेटचे पैसे मागितले. अहो, साइट बदलते ती सरकारकडे, यात तुम्ही काय अपडेट करणार?

सोय वाईट नाही, हे मी आजही म्हणतो. वीस टॅबमध्ये महाडीबीटी शोधत बसण्यापेक्षा टास्कबारवर त्याचं चिन्ह असलेलं बरं. पण ते फुकट होतं. क्रोममध्ये साइट उघडा, उजवीकडचे तीन ठिपके, ‘कास्ट, सेव्ह अँड शेअर’, त्यात ‘इन्स्टॉल पेज ॲज ॲप’. एजच्या मेनूत ‘ॲप्स’ शोधा.

सगळ्यात जपायचं ते लॉगिन. “एकाचं दुसऱ्यात जात नाही” हेही त्याचंच वाक्य. प्रत्यक्षात ही खिडकी आणि ब्राउझर एकच लॉगिन वापरतात. एका मुलाचं लॉगआउट राहिलं आणि पुढच्या मुलीसाठी खिडकी उघडली, तर आधीच्याच मुलाचा अर्ज समोर आला. तो तसाच भरला गेला असता तर शिष्यवृत्ती कोणी परत आणली असती? प्रत्येक गिऱ्हाइकानंतर लॉगआउट कराच. दुकानात दोघे बसत असाल तर क्रोममध्ये दोन प्रोफाइल करा. पत्ता दिसत नाही म्हणून खिडकीच्या तीन ठिपक्यांत साइटचं नाव बघा. या तिन्ही सरकारी साइटच्या नावाचा शेवट जीओव्ही डॉट इन असतो.

कोणी शंभरेक एमबीची सेटअप फाइल देत असेल तर जास्त सावध राहा. नेटिव्हफायरसारख्या साधनाने साइटभोवती जुनं क्रोमियम, म्हणजे क्रोमचाच गाभा, गुंडाळून देतात; त्या साधनाची देखभाल 2023 पासून बंद आहे, आणि आतलं क्रोमियम आपोआप नवं होत नाही. त्यात लोकांचे आधार क्रमांक टाकायचे? मी टाकणार नाही. बाकी पासवर्ड कुठे लिहून ठेवू नका, अँटिव्हायरस चालू ठेवा, पावती घ्या.

पैसे परत मिळाले नाहीत. तो आता तळोद्याकडे फिरतो असं ऐकलं. दारात आला तर आधी प्रॉपर्टीज उघडून टार्गेट दाखव म्हणा, मग नेटची वायर काढून चालवून दाखव म्हणा.